चादर चालते, टॉवेल नको

बदकाचं अशक्त पिल्लू घरात आलं, की सोलापुरात हात आधी टॉवेलकडे जातो. मऊ असतो, पाणी टिपतो आणि घरोघरी असतो. पण टर्किश टॉवेलच्या अंगावर सुताचे बारीक फासे असतात. पाणी टिपायला हेच फासे कामाला येतात आणि पिल्लाची सुईच्या टोकाएवढी नखंही नेमकी त्यांतच अडकतात. पिल्लू पाय ओढतं, पाय पिरगाळतो. एखादा सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला, तर दिवसभरात बोट काळं पडतं. त्यापेक्षा खोक्यात जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर घालावी. तिची वीण घट्ट असते, त्यामुळे पायाला पकड मिळते. वर्तमानपत्र घालणारे तर हमखास फसतात. गुळगुळीत कागदावर पाय दोन्हीकडे घसरतात आणि दोन दिवसांत पिल्लू फतकल मारून बसायला लागतं.

पाय असे फाकलेच, तर मेडिकलमधली अर्धा इंच रुंदीची चिकटपट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दोन्ही पायांना बांधायची. दोन पायांत साधारण अडीच-तीन सेंटिमीटर अंतर राहू द्यायचं आणि पट्टी रोज सोडून बघायची. पहिल्या आठवड्यात हाडं कोवळी असतात, त्यामुळे तीन ते पाच दिवसांत फरक दिसतो. नंतर बांधाबांधी करून फारसा उपयोग होत नाही. पाय मोडला असेल, तर मात्र घरी काड्या बांधत बसू नये, सरळ पशुवैद्याकडे न्यावं.

पण हे सगळं ऊब मिळाल्यावर. बदकाच्या अंगाचं तापमान 41-42 अंश असतं. पाय आणि चोच हाताला गार लागत असेल, तर त्या पिल्लाला खायला-प्यायला काहीही द्यायचं नाही. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही आणि गिळायची ताकदही नसते, त्यामुळे मायेनं पाजलेलं पाणी श्वासनळीत जातं. श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं, म्हणून ड्रॉपरनं घशात पाणी सोडणं म्हणजे पिल्लू बुडवणंच. अंग कोमट झालं, की कपभर पाण्यात चहाचा चमचाभर साखर विरघळवून त्याचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावायचा. ते स्वतः चाटेल तेवढंच त्याचं.

उबेसाठी 60 वॉटचा पिवळा बल्ब लावावा. एलईडी दिव्याखाली पिल्लू उजेडात दिसेल छान, पण गारठेल. बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला टांगायचा, म्हणजे नको वाटलं तर दुसऱ्या टोकाला सरकता येतं. पहिल्या आठवड्यात चादरीच्या पातळीला 32 अंश ठेवायचे आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसेल, तर पिल्लाकडे बघावं. बल्बखाली मुटकुळं करून चिवचिवत असेल तर गार आहे, कोपऱ्यात तोंड उघडून धापा टाकत असेल तर गरम. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या थंडीत रात्रभर बल्ब लागतो. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला, की तोच बल्ब जीव घेईल. तेव्हा दुपारी तो बंद करून खिडकीला ओलं गोणपाट लावणं बरं.

पाण्यात जगणारा पक्षी पाण्यानं गारठतो, हे पटकन पटत नाही. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीनं पिसांना लावलं, की पाणी निथळून जातं. पिल्लाची स्वतःची ग्रंथी पहिल्या दिवसांत पुरेसं काम करत नाही. आईच्या पंखाखाली तिच्या अंगाचं तेल त्याला लागत असतं. आईविना वाढणारं पिल्लू टबात सोडलं, की लव भिजून लगदा होते. म्हणून पोहणं नको, पण चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं पाणी मात्र हवंच. डोळे आणि नाक ते पाण्यानंच साफ करतं आणि कोरडं खाद्य पाण्याविना घशात अडकतं. पसरट ताटलीत खडे टाकून दोन-अडीच सेंटिमीटर पाणी ठेवावं. ते दर तासाला सांडणार. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे सोसायचं म्हणजे सोसायचं.

आता खाणं. दूध-भाकरी नको. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. आणि भाकरीचं म्हणाल, तर मालदांडी ज्वारीवर आपला कितीही जीव असला, तरी बदकाच्या पिल्लाला लागणारं नायसिन हे जीवनसत्त्व तिच्यातून पुरेसं मिळत नाही. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या माणसांना नायसिनच्या कमतरतेचा पेलाग्रा हा रोग झाल्याची नोंद वैद्यकात आहे. बदकाला तर ते कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट लागतं. कमी पडलं, की पाय धनुष्यासारखे वाकतात आणि पिल्लू गुडघ्यावर चालल्यासारखं दिसतं. कोंबडीच्या पिल्लांचं, औषध न मिसळलेलं चिक स्टार्टर खाद्य ओलसर करून, कपभर खाद्याला एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट मिसळून द्यावं. बेकरीतलं जिवंत यीस्ट नको, ते पोटात फसफसतं.

शेंगांबद्दल तर हात जोडून सांगायला हवं. शेंगदाण्याचा कूट किंवा पेंड, चिमूटभरही नको. शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, तेव्हा शोध घेत घेत लोक शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचले. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं हळवं, की पुढे प्रयोगशाळांत विष ओळखायला हीच पिल्लं वापरली गेली. आपल्या डब्यातली चटणी ताजी असते हो, पण पोत्याच्या तळाशी काय आहे ते कुणी बघितलंय! याच बुरशीची एक भाऊबंद कुबट पेंढ्यात असते आणि ती फुफ्फुसात शिरते. खोक्यात पेंढा न घालण्याचं ते एक कारण.

जखम असेल, तर उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून त्यानं धुवावी. माशीची अंडी तांदळाच्या बारीक कणीसारखी दिसतात, ती चिमट्यानं एकेक काढायची. हळद भरू नये. ती सुकून खपली होते आणि खाली पू साचतो. तेलकट मलमानं लव चिकटते आणि ऊब जाते. मांजराचा दात लागला असेल, तर भोक टाचणीएवढं का असेना, त्याच दिवशी पशुवैद्याकडून अँटिबायोटिक घ्यावं. मांजराच्या तोंडातला जंतू पक्ष्याच्या रक्तात फार लवकर पसरतो. घरातली वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. गिधाडं संपवणाऱ्या डायक्लोफिनॅकवर जनावरांच्या उपचारात 2006 साली बंदी आली, ती उगीच नव्हे.

हळदीवरून आठवलं. हिप्परगा तलावाकडं किंवा उजनीच्या कडेला सापडलेलं पिल्लू हळदीकुंकू बदकाचं असू शकतं. मोठेपणी काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, म्हणून हे नाव. पिल्लाला अजून ना हळद ना कुंकू, त्यामुळे ओळखणं अवघड. पण पाळीव बदकं आसपास नसतील, तर ते रानातलंच समजावं. धडधाकट असेल, तर उचलूच नये. लांब उभं राहिलं, तर आई बोलावून नेते. जखमी असेल, तर झाकलेल्या खोक्यात ठेवून वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवावं. 1972 च्या कायद्यानं ते घरात पाळता येत नाही. वाट बघताना फक्त ऊब आणि अंधार द्यावा. हातात घेऊन गोंजारणं, मुलांना दाखवणं नको.

पाळीव पिल्लाचं वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी करावं. अंड्यातून बाहेर येताना ते 40-50 ग्रॅमचं असतं. पहिला एखादा दिवस पोटातल्या बलकावर निघतो आणि वजन थोडं उतरतं, त्यानं घाबरू नये. तिसऱ्या दिवसानंतरही काटा खाली जात असेल, तर काहीतरी चुकतंय. एकटं असेल, तर खोक्यात छोटा आरसा टेकवून ठेवावा, रडणं निम्मं होतं. मग एक दिवस ते मान मागं वळवून शेपटीच्या मुळाशी चोच घासतं आणि तीच चोच पोटाच्या लवेवरून फिरवायला लागतं. आता पाच मिनिटं कोमट पाण्यात सोडायला हरकत नाही. बाहेर काढून लगेच बल्बखाली ठेवायचं. तिथं ते अंग झाडतं, आणि बदललेली चादर पुन्हा बदलावी लागते.