पंपातले स्टिरॉइड रोज घेतले तर चालेल का?

दम्याचे निदान सांगून मी इन्हेलर लिहून देऊ लागलो की समोरची व्यक्ती, मग ती शेतकरी असो वा प्राध्यापक, बहुधा एकच प्रश्न विचारते: "डॉक्टर, यात स्टिरॉइड असते ना? मग ते रोज घेतले तर चालेल का?" प्रश्न रास्त आहे. त्याला "काही होत नाही, बिनधास्त घ्या" असे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही, कारण ते पूर्ण खरे नाही. चालेल, असेच माझे उत्तर आहे. पण ते मात्रेवर आणि घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्टिरॉइडची भीती गोळ्यांमुळे रुजली, आणि ती निराधार नव्हती. महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांचा चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. हे टाळण्यासाठीच औषध थेट श्वासनलिकेत पोहोचवण्याचा मार्ग शोधला गेला आणि 1972 मध्ये बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडचा पंप वापरात आला. दम्याचा मोठा झटका आला की प्रौढ व्यक्तीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या साधारणपणे दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम, इतक्या दिल्या जातात. तर ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडच्या पंपाची कमी मात्रा दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम असते. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही, तरीही फरक किती मोठा आहे ते यावरून कळते. सबंध रानात पाणी सोडणे आणि ठिबकने मुळाशी देणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. शिवाय पंपातून घेताना ब्युडेसोनाइडचा जो भाग गिळला जातो, त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग यकृतातच निष्प्रभ होतो.

आता अपायांबद्दल. सर्वांत जास्त आढळतात ते तोंडाचे आणि घशाचे: जिभेवर, टाळूवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात किंवा आवाज बसतो. शिक्षक, गायक, कीर्तनकार यांना आवाजाची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. औषध घेतल्याबरोबर घशापर्यंत गुळण्या करून पाणी थुंकून टाकावे, ते गिळू नये. आणि फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच घ्यावा. स्पेसर नसला तर फवाऱ्याचा बराच मोठा भाग घशावरच आदळतो. स्पेसर प्रवासात न्यायला अवघडल्यासारखे होते हे मला ठाऊक आहे, तरीही मी त्याचा आग्रह सोडत नाही.

मात्रा मोठी असेल, म्हणजे प्रौढांत ब्युडेसोनाइड दिवसाला 800 मायक्रोग्रॅमच्या वर, आणि ती वर्षानुवर्षे चालू राहिली, तर मात्र हाडांची घनता कमी होणे, मोतीबिंदू, काचबिंदू, त्वचा पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडणे आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावणे हे धोके खरे आहेत. ज्यांना इतकी मात्रा लागते त्यांनी डोळे आणि हाडे तपासून घ्यावीत आणि औषध एकाएकी थांबवू नये.

एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. यकृतात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन ही पंपातली स्टिरॉइडे नष्ट होण्याची क्रिया काही औषधे रोखतात, आणि मग पंपातल्या थोड्या स्टिरॉइडचाही गोळ्यांसारखा परिणाम शरीरावर होऊ लागतो. एचआयव्हीच्या उपचारातले रिटोनाव्हिर हे त्यांपैकी एक. दुसरे इट्राकोनाझोल, जे आपल्याकडे गजकर्णासाठी सर्रास दिले जाते, कधी कधी आठवडेच्या आठवडे. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात तर दम्याचा पंप चालू असल्याचे आवर्जून सांगा.

आईवडिलांचा प्रश्न असतो तो उंचीचा. अमेरिका आणि कॅनडात 5 ते 12 वर्षांच्या मुलांना काही वर्षे रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड देऊन ती प्रौढ होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची उंची औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरली. ही घट सुरुवातीच्या दोनेक वर्षांतली होती, पुढे ती वाढत गेली नाही. मी हा आकडा पालकांपासून लपवत नाही. मात्र रात्री खोकून जागणारे, खेळाच्या तासाला कडेला बसणारे मूल त्या सव्वा सेंटिमीटरसमोर ठेवून पाहावे, असेही त्यांना सांगतो.

पद्धत चुकली की मात्रा नाहक वाढते. फवाऱ्याच्या पंपाचा श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा असतो. रोटाकॅपचा, म्हणजे रोटाहेलर या उपकरणात घालून ओढायच्या भुकटीच्या कॅप्सूलचा, मात्र जोरात आणि खोल, कारण तिथे भुकटी उडवण्याचे काम आपल्या श्वासालाच करावे लागते. दोन्हींत आधी श्वास बाहेर सोडायचा, पण रोटाहेलरमध्ये नव्हे, आणि औषध घेतल्यावर दहा सेकंद रोखून धरायचा. रोटाकॅप गोळीसारखी गिळणारे रुग्ण मला आजही भेटतात, आणि त्यात दोष त्यांचा नसतो. त्यांना कोणी करून दाखवलेलेच नसते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. स्टिरॉइडच्या भीतीने लोक रोजचा पंप सोडतात आणि दम लागला की फक्त सालब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका तात्पुरती मोकळी करणारे औषध, ओढतात. त्याने दहा मिनिटांत मोकळे वाटते, पण श्वासनलिकेची सूज तशीच राहते. स्टिरॉइड ती सूज उतरवते, परंतु त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून ते निरुपयोगी वाटते. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. मागील वर्षभरात वापरलेल्या स्टिरॉइडच्या पंपाच्या प्रत्येक जादा डबीमागे दम्याने मृत्यू येण्याचे प्रमाण 21 टक्क्यांनी कमी दिसले, आणि औषध थांबवल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते औषध चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. 2019 पासून तर दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना नुसत्या सालब्युटामॉलवर कोणाही प्रौढाला ठेवू नये असेच सांगतात. आणि पंप सोडून जे लोक नाव नसलेल्या औषधांच्या पुड्यांकडे वळतात, त्यांनी हे जाणून घ्यावे की अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ सापडलेली आहे. ते पोटात जाते, आणि किती जाते हे घेणाऱ्याला कळत नाही.

"मग बंद कधी होणार?" हा पुढचा प्रश्न. दमा तीन महिने सलग आटोक्यात राहिला, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही आणि जिने चढताना अडत नाही, तर मात्रा पाव ते निम्म्याने कमी करून पाहता येते, आणि दमा ज्या किमान मात्रेवर शांत राहतो तिथे थांबायचे असते. बहुतेक प्रौढांत ती शून्य नसते. सर्दीखोकला चालू असताना, गर्भारपणात, किंवा ज्यांना पावसाळ्यात वा दिवाळीच्या धुरात त्रास होतो त्यांनी त्या तोंडावर, हा प्रयोग करू नये. गर्भारपणात तर पंप चालू ठेवणेच आई आणि बाळ दोघांसाठी अधिक सुरक्षित असते. मात्रा कमी करायला याल तेव्हा पंप आणि स्पेसर सोबत आणा, म्हणजे मी आधी तुमची घेण्याची पद्धत पाहीन आणि मगच आकडा बदलेन.