तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी भरलं, आता मासे कधी सोडू?

सांगलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे मोजकेच. त्यामुळे कुणी नवी टाकी घेतली की हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतोच. "पाणी भरलं, मीठ घातलं, पंप चालू केला. पाणी बघा कसं चकाचक आहे. मासे कधी सोडू?" "येत्या रविवारी सोडा की" एवढंच त्यांना ऐकायचं असतं. मी विचारतो, "अमोनिया किती आलाय?" पलीकडून "म्हणजे?" असं आलं की चहा सांगावा लागतो.

तारीख मी देत नाही. साधारण चार ते सहा आठवडे धरून चाला, पण निकाल टेस्ट किटचा, म्हणजे नळीत पाणी घेऊन रंगावरून अमोनिया-नायट्राइट मोजायच्या संचाचा. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू एक आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. हे दोघं दगडांवर, वाळूवर, फिल्टरमध्ये ठाण मांडून बसले की टाकी तयार. चकाचक पाण्यावरून यातलं काहीच कळत नाही.

मागे तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांनी मुलाच्या हट्टापायी टाकी केली. त्यांना हे समजावायला वेळच लागला नाही. बागेला अमोनियम सल्फेट दिल्यावर मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात हे त्यांना माहीत होतंच. टाकीत तेच, फक्त जिवाणू खाऱ्या पाण्यातले. मातीतले हे जिवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले होते. हे जिवाणू वाढतात फार सावकाश. इतर जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होत असतील, तर यांना दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस लागतो. सगळा उशीर तिथला. त्याच बागायतदारांनी मग खिशातून द्राक्षाची गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर काढला, यावर पाण्याची क्षारता बघू का म्हणून. नाही हो, तो साखरेचा. क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर वेगळा, आणि तोही ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यायचा.

गोड्या पाण्याचे मासे पाळलेले लोक इथं जास्त फसतात. "आम्ही तर दुसऱ्या दिवशीच गप्पी सोडले होते!" सोडले असतील. पण खाऱ्या टाकीचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ८.१ ते ८.४ लागतो, आणि पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. म्हणजे किटवर आकडा तोच, पण सातच्या पाण्यात निभावलेला मासा इथं कल्ले जळून तडफडतो. नायट्राइटचं मात्र उलट: खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्याला माशाच्या अंगात सहज शिरू देत नाही, त्यामुळे त्याची भीती बरीच कमी.

"एखादा चिवट डॅमसेल मासा सोडून द्या, तो टाकी तयार करतो" असं काही दुकानदार अजून सांगतात. मला हे पटत नाही. जिवंत प्राणी विषात ठेवायचा कशाला? शिवाय तो जगला तर टाकीचा मालक होऊन बसतो आणि पुढच्या प्रत्येक माशाला हाणतो. अमोनिया आपण हातानेच द्यावा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण बाजारातल्या खड्यात काय काय मिसळलंय कोण जाणे. प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्याकडून शुद्ध घ्या. शंभर लिटरला साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम टाकला की अमोनिया दोन पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास जातो. चार-पाचच्या वर नेऊ नका, जिवाणूच अडतात. बाटलीतले जिवाणू टाकायचे तर टाका, फक्त खाऱ्या पाण्याचे घ्या आणि एप्रिल-मेमध्ये कुरियरने मागवू नका. आपल्याकडच्या उन्हात ती बाटली टेम्पोत शिजून येते.

आता टेस्ट. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून खिडकीच्या उजेडात बघा, पिवळसर दिव्याखाली नाही. अमोनियाची नळी पिवळीची हिरवी होते, आणि पिवळ्या-हिरव्याच्या मधली जी छटा असते ना, तिच्यावर नवरा-बायकोत वाद होतात. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइटची नळी जांभळी होते. ती बरेच दिवस जांभळीच राहते. इथं लोकांचा धीर सुटतो. या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नका, नायट्राइट जास्त असला की तो आकडा फुगवून दाखवतो. मध्येच वाळूवर तपकिरी लव येईल, ती येऊ दे. दिवे मात्र बंद ठेवा. जिवाणूंना उजेड नको, शेवाळाला हवा.

पाण्याबद्दल. नळाला येणारं कृष्णेचं पाणी क्लोरीन मारलेलं असतं, ते थेट नको. आरओचं घ्या, पण घरच्या पिण्याच्या आरओला बऱ्याचदा चवीसाठी टीडीएस कंट्रोलर (पाण्यात थोडे क्षार राहू देणारा) आणि मिनरलची नळी असते. त्यांच्या आधीचं पाणी काढून घ्या. मीठ मत्स्यालयाचंच. मिठागरात मिठाचे खडे जमतात तेव्हा मॅग्नेशियम बरंचसं मागच्या पाण्यात राहून जातं, म्हणून खडेमीठ चालत नाही. "आंबा घाटातून रत्नागिरीला जातोच आहे, कॅन भरून आणू का?" असंही विचारतात. किनाऱ्याचं पाणी गढूळ, पावसाळ्यात पातळ, बंदराजवळ डिझेलचं. आणि जिवाणू पाण्यापेक्षा दगडावर जास्त असतात, त्यामुळे नुसत्या पाण्याने काम होत नाही. प्रवाळ तर उचलूच नका, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायला लावलेल्या पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं. भर घालताना गोडं आरओ पाणी घाला, मीठ टाकीतच राहिलेलं असतं. लाइट जाते तेव्हा पंप इन्व्हर्टरवर हवा, या जिवाणूंना प्राणवायू लागतो.

संध्याकाळी दोन पीपीएम अमोनिया द्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आला, आणि लागोपाठ तसाच येत राहिला, की टाकी तयार. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि एक-दोनच मासे आणा. मासे यायला उशीर असेल तर तोवर चिमूट-चिमूट अमोनिया चालू ठेवा. सुरुवातीला मी टाकीत जन्मलेले क्लाउनफिश सांगतो; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, समुद्रातून पकडून आणायची गरज नाही.

मासा मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणार असेल, तर दुकानदाराला त्याच्या टाकीची क्षारता आधी विचारून ठेवा आणि वेगळ्या टबात तेवढ्याच क्षारतेचं, तयार टाकीतलं पाणी ठेवा. रात्रभरात बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो म्हणून मासा तगतो. पिशवी उघडली की पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी तोंड बंद ठेवूनच टबात तरंगवा, तापमान जुळलं की उघडा आणि मासा लगेच जाळीने टबात घ्या. पिशवीतलं पाणी मोरीत ओता.