शेरिंगहॅम की सोल्शायर? तुम्ही विचारलंत म्हणून

मी मँचेस्टर युनायटेडचा जुना चाहता आहे हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. १९९८-९९ च्या संघात ड्वाइट यॉर्क आणि अँडी कोल हे पहिल्या पसंतीचे स्ट्रायकर. मग बेंचवर बसणाऱ्या दोघांत सरस कोण, टेडी शेरिंगहॅम की ओले गुन्नार सोल्शायर? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच पक्कं असतं, आणि ते सोल्शायर असतं. मी शेरिंगहॅम म्हणतो. त्यावर ‘का?’ असा दुसरा प्रश्न येतो. त्याचं उत्तर एकदा नीट मांडायचं होतं.

आधी सोल्शायरची बाजू, कारण ती भक्कम आहे आणि मला मनापासून मान्य आहे. त्या हंगामात यॉर्कचे सगळ्या स्पर्धांत मिळून २९ गोल झाले, कोलचे २४, सोल्शायरचे १८ आणि शेरिंगहॅमचे फक्त ५. बहुतेक जण वाद इथेच संपवतात. शिवाय १९९८ च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमने सोल्शायरसाठी साडेपाच दशलक्ष पौंड देऊ केले होते आणि युनायटेडने ते मान्यही केले होते. यॉर्क येणार, मग आपल्याला संधी कुठली, असा विचार करून दुसरा कुणी निघून गेला असता. हा गेला नाही. ६ फेब्रुवारी १९९९ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर तो ७२ व्या मिनिटाला यॉर्कच्या जागी आला आणि त्याने चार गोल मारले. सामना ८-१ असा संपला. त्याच्या दोन आठवडे आधी एफए कपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, लिव्हरपूलविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत युनायटेड ०-१ ने मागे होतं. यॉर्कने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत सोल्शायरने सामना जिंकून दिला.

हे सगळं कशामुळे जमत होतं, तेही त्याने वेळोवेळी सांगितलंय. बेंचवर बसून तो समोरच्या बचावपटूंकडे बघत राहायचा: कुणाचे पाय जड झालेत, कुणाची जागा सुटतेय. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना बदली खेळाडू म्हटलं की बारावा गडी आठवतो. पाणी घेऊन येणारा, क्षेत्ररक्षण करणारा, पण बॅट हातात न मिळणारा. सोल्शायरला मात्र शेवटच्या दहा मिनिटांत थेट फलंदाजीलाच पाठवलं जायचं, आणि तो त्यासाठी पहिल्या मिनिटापासून तयार असायचा. त्याचं खरं मोठेपण मला या तयारीत दिसतं. युनायटेडसाठी ३६६ सामन्यांत १२६ गोल, आणि त्यातले २८ बदली म्हणून आल्यावर.

मग शेरिंगहॅम का?

कारण सोल्शायर आल्यावर संघाला जे मिळायचं ते मैदानावर आधीच होतं. चेंडू गोलपोस्टसमोर पोहोचला तर तो जाळ्यात घालणारा माणूस. कोलही तेच करायचा, यॉर्कही. सोल्शायर ते ताज्या पायांनी करायचा आणि कदाचित तिघांत सगळ्यात नेमकेपणाने. पण चेंडू तिथवर पोहोचतच नसेल तर? शेरिंगहॅम आला की सगळ्या संघाच्या आक्रमणाची घडी बदलायची. तो वेगवान कधीच नव्हता. एरिक काँतोना निवृत्त झाल्यावर १९९७ मध्ये त्याला आणलं तेव्हाच तो तिशी ओलांडलेला होता. पण तो दोन पावलं मागे यायचा, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू अडवायचा आणि धावत येणाऱ्या मधल्या फळीच्या पायात ठेवायचा. बेकहॅम, स्कोल्स, गिग्ज यांना असा माणूस मिळाला की त्यांचे गोल वाढतात. शेरिंगहॅमच्या नावापुढे मात्र पाचच राहतात.

पुरावा म्हणून मी नेहमी १४ एप्रिल १९९९ चा सामना पुढे करतो. व्हिला पार्क, एफए कपची उपांत्य फेरी, आर्सेनलविरुद्धचा फेरसामना. हा सामना लोकांना दोनच गोष्टींसाठी आठवतो: युनायटेडचा गोलकीपर श्मायकेलने अडवलेली बर्गकँपची पेनल्टी आणि जादा वेळेत गिग्जने अर्ध्या मैदानातून एकट्याने नेलेला चेंडू. पण त्या दिवशी पहिल्या अकरात स्ट्रायकर कोण होते? शेरिंगहॅम आणि सोल्शायर. यॉर्क बेंचवर. आणि १७ व्या मिनिटाला बेकहॅमने लांबून जो गोल मारला, त्याच्याआधी चेंडू त्याच्यासमोर अलगद ठेवून दिला तो शेरिंगहॅमने. राखीव जोडीतला एक गोलसमोर वाट बघत होता आणि दुसरा खेळ घडवत होता. मला तो फरक त्या एका सामन्यात जितका स्वच्छ दिसतो तितका बाकी कुठे दिसत नाही.

मग मे महिन्यातले ते दहा दिवस. १६ तारखेला लीगचा शेवटचा सामना टॉटनहॅमशी, म्हणजे शेरिंगहॅमच्याच जुन्या क्लबशी. तो सुरुवातीपासून खेळला. मध्यंतराला त्याला बाहेर काढून कोलला आणलं आणि कोलने दोनच मिनिटांत विजयी गोल केला. आर्सेनलपेक्षा फक्त एका गुणाने लीग जिंकली. हा सामना माझ्या बाजूचा नाही, पण तो लपवून मी वाद घालणार नाही. कागदावर पहिल्या पसंतीचा असलेला कोल त्या दिवशी बदली खेळाडू होता, हेही मात्र ध्यानात घ्यावं.

२२ तारखेला वेम्बलीवर न्यूकॅसलविरुद्ध एफए कपचा अंतिम सामना. नवव्याच मिनिटाला कर्णधार रॉय कीन जखमी होऊन बाहेर. मधल्या फळीतला माणूस गेला तर मधल्या फळीतलाच आणायचा, असं कुणीही म्हणेल. प्रशिक्षक फर्ग्युसनने शेरिंगहॅमला पाठवलं, बेकहॅमला मध्ये घेतलं आणि सुरुवातीपासून पुढे खेळणाऱ्या सोल्शायरला उजवीकडे सरकवलं. दोन मिनिटांच्या आत शेरिंगहॅमने स्कोल्सशी चेंडूची देवाणघेवाण करून गोल मारला. दुसऱ्या अर्धात स्कोल्सच्या गोलसाठी चेंडू मागे दिला तोही त्यानेच. कर्णधार गमावल्यावर संघ विस्कटायला हवा होता. तो उलट मोकळा खेळायला लागला.

आणि २६ मे. बार्सिलोनाच्या काँप नो मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर बायर्न म्युनिक. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि शेवटचे दोन गोल होईपर्यंत घड्याळात दोन वाजून गेले होते. सहाव्या मिनिटाला बायर्नच्या बासलरने फ्री किकवर गोल केला. त्यानंतर युनायटेड तासभर नुसतं धडपडत होतं. कीन आणि स्कोल्स दोघेही बंदीमुळे बाहेर. ६७ व्या मिनिटाला ब्लोमक्विस्टच्या जागी शेरिंगहॅम आला, ८१ व्या मिनिटाला कोलच्या जागी सोल्शायर. त्याच सुमारास बायर्नने एकदा खांबावर आणि एकदा आडव्या दांड्यावर चेंडू मारला, हे विसरून चालणार नाही. नशीब होतंच. ९० मिनिटं संपली. बेकहॅमचा कॉर्नर, अर्धवट बाहेर फेकलेला चेंडू, गिग्जचा कमकुवत फटका आणि वाटेत उभ्या शेरिंगहॅमने वळून मारलेला पाय. १-१. मग सोल्शायरने डावीकडे झगडून कॉर्नर मिळवला. पुन्हा बेकहॅम, शेरिंगहॅमचं डोकं आणि सोल्शायरचा उजवा पाय. २-१.

चाहत्यांना त्या रात्रीचा शेवटचा स्पर्श लक्षात राहतो, आणि त्यात काही गैर नाही. पण दोन्ही गोल बघा. एक शेरिंगहॅमने मारला आणि दुसरा त्याने डोक्याने पुढे दिलेल्या चेंडूवर झाला. हंगामातल्या पाच गोलांपैकी दोन त्याने पाच दिवसांत, दोन अंतिम सामन्यांत केले.

या सगळ्या काळात कोल आणि शेरिंगहॅम एकमेकांशी बोलत नव्हते. १९९५ मध्ये इंग्लंडसाठी पहिल्यांदा खेळायला उतरताना आपण ज्याच्या जागी आलो त्या शेरिंगहॅमने आपली साधी दखलही घेतली नाही, ते आपल्याला लागलं, असं कोलने पुढे स्वतःच लिहिलंय. वर्षानुवर्षं एकाच संघात राहूनही अबोला. पहिला आणि राखीव यांच्यात किती ताण असू शकतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. तरीही दोघे सरावाला येत राहिले, संघ जिंकत राहिला. याचं श्रेय मी फर्ग्युसनइतकंच त्या दोघांना देतो.

हाच वाद आपल्या मुंबईतही झालाय. इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीच्या २०२०-२१ च्या संघात अॅडम ले फाँड्रे आणि बार्थोलोम्यू ओगबेचे असे दोन परदेशी स्ट्रायकर होते. ले फाँड्रे म्हणजे तोच, जो रेडिंगसाठी बेंचवरून येऊन गोल मारायचा आणि जानेवारी २०१३ मध्ये प्रीमियर लीगचा महिन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मुंबईसाठी त्याचे ११ गोल झाले, ओगबेचेचे ८. पण गोव्यात फातोर्ड्याला झालेल्या अंतिम सामन्यात १-१ असताना, ९० व्या मिनिटाला मोहन बागानच्या गोलकीपरच्या आधी चेंडू गाठून तो बिपिन सिंगसमोर ठेवला ओगबेचेने. बिपिनने गोल केला, मुंबईने पहिल्यांदा चषक जिंकला. त्या हंगामाची गोष्ट सांगताना मी ११ आणि ८ हे आकडे शेवटी सांगतो.

लिव्हरपूलवाले मित्र इथे डिव्हॉक ओरिगीचं नाव घेतात. घ्यावंच. २०१९ मध्ये सालाह आणि फर्मिनो नसताना बार्सिलोनाविरुद्धच्या ४-० मधले दोन गोल त्याचे, आणि माद्रिदमध्ये झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातला दुसरा गोलही त्याचाच. पण मला तो सोल्शायरच्या घराण्यातला वाटतो, शेरिंगहॅमच्या नाही.

शेरिंगहॅमबद्दल अजून एक, कारण हे फार कमी जणांना आठवतं. २०००-०१ मध्ये वयाच्या पस्तिशीला पोहोचताना त्याने २१ गोल केले आणि इंग्लंडमधले वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे दोन्ही मान मिळवले, खेळाडूंनी दिलेला आणि पत्रकारांनी दिलेलाही. बेंचवरचा माणूस म्हणून ज्याची तुलना करता, तो सलग खेळायला मिळाल्यावर देशात पहिला ठरला.

तर उत्तर असं. आपण ३-१ ने पुढे असू आणि समोरचा संघ थकला असेल, तर मी सोल्शायरला पाठवीन. ०-१ असेल आणि संघाला वाट सापडत नसेल तर आधी शेरिंगहॅमला. मग थोडा वेळ जाऊ देईन, आणि सोल्शायरला पाठवीन. फर्ग्युसनने काँप नोवर याच क्रमाने पाठवलं होतं, मध्ये १४ मिनिटं ठेवून.