सुनावणी नाही, मग बोलायचं कुठे?

दिवसाला 5,000 टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळणारा कारखाना उभा करायचा तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्यासाठी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडच्या माणसाला हे सांगायला नको. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प मात्र पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेतल्या यादीतच नाहीत. धूर नाही, सांडपाणी नाही, म्हणून सुनावणी नाही. पण शेतकऱ्याची तक्रार धुराची नसतेच. ती वाटेची असते, तारेची, आवाजाची, भाड्याची.

परिणाम असा होतो की प्रकल्प अख्खा कुणासमोरच येत नाही. एजंट एकेका सर्व्हे नंबरवाल्याला गाठतो, पंचायतीत वेगळा कागद, विजेच्या लाईनचा वेगळा, रस्त्याचा वेगळा. आपल्या बांधावरून काय जाणार हे कळतं तेव्हा शेजाऱ्याच्या सह्या होऊन गेलेल्या असतात. सह्या आधी आणि नकाशा मागून, माझ्या मते अन्याय या क्रमातच आहे.

लाईनचंच बघा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 14 जून 2024 च्या सूचनांनुसार टॉवरच्या चार पायांमधली जागा, अधिक चारही बाजूंनी एक मीटर, एवढ्याला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के भरपाई. तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के. 2015 च्या सूचनांत हेच आकडे 85 आणि जास्तीत जास्त 15 होते. सगळी घासाघीस टॉवरवर होते, आणि तिथंच शेतकरी फसतो. टॉवरचे पाय 6 बाय 6 मीटरवर आहेत असं धरा. मीटर-मीटर वाढवून 8 बाय 8, म्हणजे 64 चौरस मीटर, गुंठ्याचे जेमतेम दोन तृतीयांश. त्याचे 200 टक्के म्हणजे सव्वा गुंठ्याची किंमत. आता तुमच्या रानातून 100 मीटर लाईन जाते आणि पट्टा 35 मीटर रुंद आहे असं धरू. टॉवरची जागा वजा करून सुमारे 34 गुंठे उरतात. त्यांचे 30 टक्के म्हणजे दहा गुंठ्यांची किंमत! पट्ट्याची रुंदी व्होल्टेजनुसार बदलते, म्हणून ती लेखी मागा. राज्याचा भरपाईचा चालू आदेश कोणता, तेही डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून लेखीच घ्या.

या सूचना 66 केव्ही (किलोव्होल्ट) आणि त्यावरच्या टॉवर लाईनींसाठी आहेत. पवनचक्कीपासून सबस्टेशनपर्यंत येणारी 33 केव्हीची खांबांची ओळ त्यात बसत नाही, आणि गावात जास्त भांडणं तिचीच. तिथे कंपनीला पहिला प्रश्न एकच: लाईन टाकण्याचे खास अधिकार देणारा, वीज कायदा 2003 च्या कलम 164 खालचा सरकारी आदेश तुमच्याकडे आहे का? नसेल तर मालकाची संमती लागते, आणि मालकानं हरकत घेतली तर डीसींची लेखी परवानगी आणल्याशिवाय खांब रोवता येत नाही.

पवनचक्कीच्या जागेबाबत 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. रस्ता आणि इमारतींपासूनचं अंतर म्हणजे खांबाची उंची, अधिक पात्यांच्या व्यासाचा निम्मा, अधिक 5 मीटर. 120 मीटर खांब आणि 140 मीटर व्यास असेल तर 195 मीटर. राहत्या घरापासून मात्र आवाजामुळे 500 मीटर. मळ्यातल्या घराला पंचायतीचा नंबर नसला की मोजणारा ते घर धरतच नाही. अशा घराचं वीजबिल, घरासमोरून काढलेला जीपीएस फोटो आणि मोजलेलं अंतर आधीच पंचायतीत देऊन ठेवा.

सौर भाडेकराराबद्दल थोडक्यात. एका मेगावॉटला चार ते पाच एकर लागतात, करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो, त्यामुळे नोंदणी सक्तीची. भाडेवाढ किती वर्षांनी, काम सुरू झालं नाही तर करार कधी मोडतो, शेवटी काँक्रीटचे पाये कोण उपसणार, हे त्यात नसेल तर थांबा. भाडं उताऱ्यावर नाव असलेल्याला मिळतं. वाट्यानं करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, त्याचं पीक जातं तेवढंच. गायरानाचंही तसंच. कर्नाटकात 100 जनावरांमागे 30 एकर चराई राखायची असते, म्हणून गायरान मागितलं गेलं की आधी जनावरांच्या गणनेचा आकडा मागा.

आणि भाषा. नोटीस कन्नडमध्ये येते, हरकतीची मुदत तिच्यातच छापलेली असते, आणि खानापूर-निपाणीकडे ती वाचून घेण्यातच निम्मे दिवस जातात. भाषिक अल्पसंख्याकांच्या केंद्रीय योजनेनुसार जिथे एखादी भाषा बोलणारे 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या असतात. ते होईल तेव्हा होईल. हरकत मात्र मराठीत देता येते, घटनेच्या कलम 350 प्रमाणे. अर्जाच्या पहिल्याच ओळीत कलमाचा उल्लेख करा. सर्व्हे नंबर आणि हिस्सा उताऱ्यावर आहे अगदी तसाच लिहा, कारण हिस्सा चुकला की अर्ज दुसऱ्याच्याच फाईलला लागतो. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.