सांगलीतले वरचे मजले रिकामे का?

विश्रामबागहून मिरजेकडं जाताना जरा वर बघत चला. खाली मोबाईल शोरूम, केक शॉप, मेडिकल, सगळं गजबजलेलं आणि वरच्या मजल्याला नुसती काच, त्यावर 'ऑफिससाठी जागा भाड्याने देणे आहे'चा उन्हानं विटलेला बोर्ड. माझ्या मामेभावाचा पण असाच हॉल आहे, पंधराशे स्क्वेअर फूट. बांधताना डोक्यात एकच, पुण्याची एखादी आयटी कंपनी येणार आणि चेक देऊन जाणार.

आता कंपनी काय जागा आवडली म्हणून येते होय? आधी किती माणसं घ्यायची ते ठरतं, मग खुर्च्या मोजतात, मग जागा शोधतात. पॅसेज, मीटिंग रूम, पॅन्ट्री धरून माणसामागं ढोबळ शंभर स्क्वेअर फूट धरायची पद्धत, हल्ली दाटीवाटीनं त्याहून कमीतच बसवतात. म्हणजे तीनशे जणांची भरती निघाली की तीस हजार फूट पाहिजे, ते पण एकाच इमारतीत, जनरेटर, लिफ्ट, पार्किंगसकट. हे हिंजवडी-खराडीला मिळतं आणि मुख्य म्हणजे तिथं एक पोरगा सोडून गेला तर दुसरा आठवड्यात मिळतो.

बरं, भरती थांबवायला एक मेल पुरतो पण इमारत उभी राहायला तीन-चार वर्षं जातात, त्यामुळं तेजीत भूमिपूजन आणि मंदीत पझेशन हे बिल्डरांचं नेहमीचं रडगाणं. 2020 ला सगळे घरी बसले तरी लॉक-इनमुळं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही या करारातल्या अटीमुळं, कित्येक कंपन्या रिकाम्या ऑफिसचं भाडं भरत होत्या. तेव्हा आमच्या भावाला वाटलं आता पोरं गावातच राहणार, कोवर्किंग करू, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या पोरांना एकाच हॉलमध्ये खुर्ची भाड्यानं देऊ. वायफाय टाकलं, इन्व्हर्टर घेतला, चार पोरं आली पण. मग कंपन्यांनी परत बोलवायला सुरुवात केली, टीसीएसनं तर ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस या म्हणून सांगितलं, आणि पोरं बॅगा भरून गेली.

इथला रोजगारच वेगळा आहे ओ. हळदीची उलाढाल एवढी मोठी पण तिला लागतं गोडाऊन आणि पेढी. कुपवाड एमआयडीसीला शेड लागतं, मिरजेला दवाखाने. टेबल-खुर्ची लागते ती वकील, सीए, विमावाले, फायनान्सवाले यांना, आणि ती पण दोन-तीन खुर्च्यांची. कोर्ट विजयनगरला गेलं तशी वकिलांची ऑफिसं तिकडं सरकली, 2019 च्या पुरात गणपती पेठेत पाणी शिरल्यावर ज्याला परवडलं त्यानं उंचावर जागा बघितली. पण ही सगळी आहेत ती माणसं इकडची तिकडं, नवीन खुर्ची त्यात एक पण नाही.

मग हॉल भरला कशानं? अभ्यासिकेनं! प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला एक दिवा, एक प्लग, मागं लॉकर, एसीचे पैसे वेगळे. जिथं ऑफिसची पंधरा माणसं बसली असती तिथं त्याच्या तिप्पट पोरं बसतात, महिन्याला खुर्चीमागं भाडं. पोलीस भरतीची, एमपीएससीची जाहिरात निघाली की वेटिंग लागतं, परीक्षा झाली की कप्पे ओस. पुण्यात नोकरी लागली की खुर्ची भरते, आमच्याकडं लागेपर्यंत भरलेली असते. हे वाईट वाटण्यासारखंच आहे, पण भावाचा बँकेचा हप्ता यावरच चाललाय.

परवा एक फायनान्स कंपनी शाखेसाठी विचारून गेली. पाच वर्षांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट रोख हातात.

"दाद्या, काय करू रं? खुर्च्यांचं भाडं जास्त सुटतंय."

"सुटतंय खरं, पण मे महिन्यात किती सुटलं ते सांग की."

गप्प बसला. मी म्हटलं रस्त्याकडची बाजू त्यांना दे, मागं पोरं राहू देत, जिना तेवढा वेगळा काढ. फायनान्सवाले सहाशे फुटात बसायला तयार आहेत, आता जिन्याचं कोटेशन कितीचं येतंय त्यावर अडलंय सगळं.