रिकाम्या बाटल्या

रविवार, रात्री

बेसिनखालचं कपाट आज एकदाचं रिकामं केलं. शाम्पू, बॉडीवॉश, हँडवॉश मिळून अकरा बाटल्या निघाल्या, टूथपेस्टच्या ट्यूब वेगळ्याच. ‘कधीतरी लागेल’ म्हणत मीच एकेक आत सारलेली. मुलांना म्हटलं, कशाचं काय करायचं ते आज तुम्ही ठरवा.

धाकट्याने उत्तर तयारच ठेवलं होतं: सगळ्यांची रॉकेटं. मागच्या सुट्टीत त्याने एक केलं होतं. रंग, डिंक, चमकी, सगळं लावून. महिन्याभरात ते चेपलं आणि कचऱ्यात टाकावं लागलं, कारण इतका रंग आणि डिंक चिकटलेली बाटली रीसायकलिंगला द्यायच्या लायकीची राहिली नव्हती. चांगली स्वच्छ बाटली आपण कौतुकाने वाया घालवली, हे मला तेव्हापासून टोचतंय.

थोरली बाटल्यांच्या बुडाचे, बाणांच्या त्रिकोणातले आकडे वाचत बसली. त्रिकोण दिसला की वस्तू रीसायकल होतेच, असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं. पण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने हे आकडे सुरू केले ते प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. ती बाटली आपल्याकडे कुणी घेईल का, ते वेगळंच विचारावं लागतं. आमच्या ढिगात पारदर्शक बाटल्यांवर १ होता, म्हणजे पेट नावाचं प्लास्टिक. दुधट, बोटाला मेणासारख्या लागणाऱ्या बाटल्यांवर २, म्हणजे एचडीपीई. झाकणांवर बहुतेक ५, पॉलिप्रॉपिलीन.

“पण काय फरक पडतो?” धाकट्याने विचारलं. मग बादलीत पाणी घेतलं. मी प्रत्येक प्रकारातला नखाएवढा तुकडा कापून दिला (कापलेली कड हाताला लागते, म्हणून कात्री माझ्याकडेच). दुधट तुकडा तरंगला, झाकणाचाही तरंगला. पारदर्शक तुकडासुद्धा तरंगला, आणि मी चाट पडले, कारण पेट पाण्यापेक्षा जड असतं. थोरलीने वाकून पाहिलं. तुकड्याखाली हवेचा एक बुडबुडा चिकटला होता. तिने बोटाने तुकडा खाली दाबला, बुडबुडा सुटला आणि तुकडा हेलकावे खात तळाला गेला. कारखान्यांतही तुकडे केलेलं प्लास्टिक पाण्यात सोडून असंच वेगळं करतात, हे सांगितल्यावर दोघांनी तो प्रयोग आणखी सहा वेळा केला. आकडे मी कितीही समजावले असते तरी ते बुडणं त्यांच्या जास्त लक्षात राहील.

हँडवॉशचे दोन पंप होते. एक चांगला होता, तो बाटलीसकट परत भरायला ठेवला. दुसरा उघडला. आतून नळी निघाली, मग बारीक स्प्रिंग, आणि तळाशी वाटाण्याहून लहान काचेची गोळी. दाबलं की ती खालची वाट बंद करते आणि साबण वर जातो. सोडलं की ती उचलली जाते आणि नवीन साबण आत येतो. प्लास्टिक, धातू, काच असं सगळं एकाच वस्तूत अडकलेलं, म्हणून पंप तसाच बाटलीबरोबर द्यायचा नाही. धाकटा अजून काहीही तोंडात घालतो, त्यामुळे गोळी थोरलीच्या कंपासपेटीत गेली.

मग आली काळी बाटली. प्लास्टिक निवडणारी बरीच यंत्रं इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात आणि काळ्या रंगातली काजळी तो प्रकाश शोषून घेते, म्हणून अशी बाटली यंत्राला दिसतच नाही. थोरली म्हणाली, “मग हीच आपण ठेवू ना.” मला हे सुचलं नव्हतं. जे पुढे कुणी घेणार नाही ते घरात वापरायचं, जे घेतात ते धुऊन पाठवायचं. मी आजवर नेमकं उलटं करत होते. दिसायला सुंदर ती बाटली ठेवायची आणि उरलेल्या टाकायच्या.

काळीची झारी केली. सुई तापवून मी झाकणाला पाच भोकं पाडली. धुताना फेस काही संपेना, तेव्हा पहिल्या पाण्याने बाथरूमची फरशी घासून घेतली. एक पारदर्शक बाटली कापून कंगव्यांना दिली, कडेला चिकटपट्टी लावून.

टॉयलेट क्लीनरची बाटली मात्र मी मुलांच्या हाती दिलीच नाही. कितीही धुतली तरी नाही. शेव्हिंग फोमचा डबाही नाही, तो रिकामा वाटला तरी आत दाब असतो. धाकट्याला शाम्पूच्या बाटलीत सरबत भरून ‘दुकान’ खेळायचं होतं. त्यालाही ठाम नाही म्हटलं. प्लास्टिकमध्ये वास मुरलेला असतो हे एक, आणि एकदा त्या आकाराच्या बाटलीतून गोड निघालं की पुढच्या वेळी तो कुठली उचलेल, हा विचारच मला सहन होत नाही. तो रुसला. रुसू दे.

आठ बाटल्या झाकणं लावून पिशवीत गेल्या. धाकट्याने टूथपेस्टच्या ट्यूबचं रॉकेट केलं, तिच्या थरांत प्लास्टिकबरोबर ॲल्युमिनियम आहे, तिला रंग लावला तरी चालेल. ते आता उशीशेजारी आहे. झारी खिडकीत पालथी घातलीय, भोकांतून अजून थेंब थेंब पाणी गळतंय.