ओकानॉगन काउंटीत जमीन शोधताना

19 नोव्हेंबर 2024 च्या रात्री सिएटलच्या पूर्वेकडच्या उपनगरांत वादळ घुसलं. आमच्या गल्लीत मोठाली झाडं तारांवर पडली आणि गेलेली वीज चौथ्या दिवशी आली. शेगडी विजेची, घर गरम ठेवणारं यंत्रही विजेचं. मुलांना रजयांत गुंडाळून मी मागच्या अंगणातल्या गॅसच्या ग्रिलवर खिचडी टाकली. सासूबाई माण तालुक्यातल्या. त्या म्हणाल्या, "अगं, बहात्तरच्या दुष्काळात पोटाला नव्हतं, पण चूल पेटत होती. इथं सगळं आहे आणि चूलच नाही."

ते मनात घर करून बसलं. त्यात हा किनारा भूकंपाचा. 26 जानेवारी 1700 ला इथे महाभूकंप झालेला आहे, आणि दोन आठवडे पुरेल एवढं अन्नपाणी घरात ठेवा असं राज्य सरकारच सांगतं. आम्ही दोघांनी ठरवलं, कॅस्केड पर्वताच्या पलीकडे पाच-दहा एकर घ्यायचे. स्वतःची बोअर, लाकडाची शेगडी, भाजीचे वाफे, कोंबड्या. पुढेमागे तिथेच राहायला जायचं.

पलीकडची ही ओकानॉगन काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, सातारा जिल्ह्याहून मोठी, आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 42 हजारांच्या घरात. सासूबाई गाडीतून उतरल्या आणि आजूबाजूचे उघडे डोंगर बघून म्हणाल्या, "हे तर आपलं माणच." खरंच तसं आहे. सह्याद्री ढग अडवतो, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणात पाचशेची मारामार. इथेही कॅस्केडच्या पश्चिमेला ओलं दाट रान, आणि पलीकडे ओमॅकला बर्फ धरून वर्षाचे जेमतेम 300 मिलिमीटर. सफरचंदाच्या बागा हिरव्या दिसतात त्या पाटाच्या नि उपशाच्या पाण्यावर.

पहिली जमीन बघताक्षणी आवडली. नऊ एकर, उपटून टाकलेली जुनी बाग, जाहिरातीत 'पाण्याच्या हक्कासह'. एजंट म्हणाला, हक्काचा कागद खूप जुना आहे, काळजीच नाही. निम्मं खरं होतं. वॉशिंग्टन राज्यात ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी, टंचाईत नंतरच्यांचं बंद होतं. पण सबळ कारण नसताना सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्कच जातो, हे त्याने सांगितलं नाही. मी जुनी हवाई छायाचित्रं एकेक वर्ष उघडून बघितली. सात उन्हाळे तो तुकडा पिवळा पडलेला. विसार द्यायला आठवडा राहिला असताना आम्ही मागे फिरलो. मला स्वतःचाच राग आला. मी माती बघितली, देखावा बघितला, आणि पाणी सगळ्यांत शेवटी.

तिथून क्रम उलटा केला. घरगुती बोअरच्या पाण्याला राज्यात हक्काचा परवाना लागत नाही. घरासाठी दिवसाला 5,000 गॅलनपर्यंत पाणी घेता येतं, अर्ध्या एकरापर्यंतची बाग भिजवता येते. पण हे सरसकट नाही. याच काउंटीतल्या मेटहाऊ नदीच्या खोऱ्यात 1976 पासून वेगळा नियम आहे, आणि तिथले काही ओढे-नद्या नव्या उपशाला बंद आहेत. 2016 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हर्स्ट खटल्यात सांगितलं की बांधकामाला परवानगी देण्याआधी पाणी कायद्याने उपलब्ध आहे का, हे काउंटीनेच तपासायला हवं. त्यावर 2018 मध्ये नवा कायदा झाला. म्हणजे एकाच काउंटीत एका खोऱ्यात घर बांधता येईल आणि डोंगर ओलांडला की कदाचित नाही. काउंटी कशी आहे, असं विचारणं मी सोडून दिलं. खोरं कुठलं, हे आधी विचारू लागले.

आमच्याकडे माणात पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरतो. इथे बोअरच्या नोंदी राज्याकडे असतात आणि कोणालाही बघता येतात. एका नोंदीची प्रत मी जपून ठेवली आहे. ड्रिलरच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: 14 फुटांपर्यंत वाळू-गोटे, 96 पर्यंत तपकिरी चिकणमाती, मग 340 पर्यंत नुसता ग्रॅनाइट, आणि शेवटी पाणी, मिनिटाला अर्धा गॅलन. टाकी बांधली तर घराला पुरेल, वाफ्यांना नाही. अर्ध्या मैलावर, नदीकाठच्या गोट्यांत, दुसऱ्या बोअरला 80 फुटांवर मिनिटाला पंधरा गॅलन. वरून बघाल तर दोन्ही जागा सारख्याच.

पाण्यानंतर आग. जुलै 2014 मध्ये विजा पडून कार्लटन कॉम्प्लेक्स वणवा पेटला, सुमारे 2,56,000 एकर जळाले, पटेरस गावातल्या घरांसह तीनशेच्या आसपास घरं गेली. पुढच्याच वर्षी त्याहून मोठा वणवा लागला. जमिनी बघताना एका आजींची ओळख झाली. त्यांनी आम्हाला तळघर दाखवलं. उतारात खणलेलं, जाड दाराचं, आत बटाटे, गाजरं, टोमॅटोच्या बरण्या. सासूबाई आत शिरल्या आणि म्हणाल्या, "पेव गं!" आजी 2014 ची गोष्ट सांगत होत्या. घर वाचलं, पण विजेची लाईन जळाली आणि आठवडाभर वीज नाही. वीज नाही म्हणजे बोअरचा पंप नाही. "पाणी माझ्या पायाखाली साठ फुटांवर होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी बादली घेऊन शेजाऱ्याच्या दारात." स्वतःची बोअर म्हणजे स्वतःचं पाणी, असं मी तोवर धरून चालले होते.

वणव्यानंतर महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, जळलेल्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि चिखलाचे लोट 153 नंबरच्या रस्त्यावर आले. हे ऐकल्यावर आम्ही एका घळीच्या तोंडाशी असलेली, स्वस्तात मिळणारी जमीन सोडली. चढावरच्या जागाही सोडल्या, कारण आग चढाने धावते.

बाकीचं पटापट उरकलं. दवाखाने ओमॅक, ब्रूस्टर आणि टोनास्केटला. सिएटलचा जवळचा 20 नंबरचा घाटरस्ता हिवाळाभर बंद, तेव्हा लांबचा वळसा. थंडी बेताची म्हणता येणार नाही. मेटहाऊच्या वरच्या खोऱ्यातल्या विन्थ्रॉप आणि मझामाला 30 डिसेंबर 1968 ला उणे 48 फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे उणे 44 सेल्सिअस. तिथे मे संपेपर्यंत गोठलेलं दहिवर पडतं, म्हणून आम्ही खालच्या ओकानॉगन नदीच्या बाजूला राहिलो. एका विमा कंपनीने कारण न देता नकार दिला. दुसरीने पत्र्याचं छप्पर आणि घराभोवतीची झाडंझुडपं काढणं, या अटींवर हो म्हटलं. भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत जळण्यासारखं काहीच ठेवायचं नाही, हे आता मुलांनाही पाठ आहे.

शेवटी सहा एकर घेतले, जुनी बोअर असलेले. चार तास पंप चालवून पाहणी केली. मी पूर्ण वेळ पाइपापाशी उभी होते. पाणी आधी गढूळ, मग निवळ, आणि धार शेवटपर्यंत तुटली नाही. सासूबाईंनी ओंजळ धरली, चूळ भरली, मग प्यायल्या. "गोडं आहे," म्हणाल्या.

पंप बंद असताना बोअरमधल्या पाण्याची पातळी 55 फुटांवर आहे, त्यामुळे त्याच बोअरवर हातपंप बसतो. तो जमीन गोठायच्या आत, ऑक्टोबरात बसवायचाय. दांडा सासूबाईंच्या उंचीला येईल असा घ्यायचा.